तिसरा पुकारा

वत्सलाबाईंनी रुमालात बांधलेलं पुडकं खिडकीच्या फटीतून आत सरकवलं. आतल्या पाडवी लिपिकांनी ते पेन्सिलीच्या टोकाने तसंच परत बाहेर ढकललं.

"बाई, हे उचला आधी."

"स्टॅम्पसाठी पैसा शेत साहेब. कमी पडनात तर आजून देसू."

"तुम्हाला स्टॅम्प लागत नाही. मालमत्तेचा दावा आहे आणि दावा लावणारी बाई आहे. बायांना माफी आहे."

पुडकं पुन्हा आत गेलं. मागे रांगेत उभा असलेला एक जण हसला. शेजारी उभ्या असलेल्या दीपमाला वकिलांनी ते पुडकं उचललं आणि वत्सलाबाईंच्या पिशवीत घातलं.

"मावशी, काल तीन वेळा सांगितलं मी तुम्हाला. फक्त वकीलपत्राचं तिकीट लागतं. ते मी लावलंय."

सांगितलं होतं, ते खरंच. वत्सलाबाईंनी मानही डोलावली होती. पण वकीलही फुकट आणि स्टॅम्पही फुकट, हे त्यांच्या पचनी पडलं नव्हतं. तालुक्याच्या विधी सेवा समितीने त्यांना दीपमाला वकील दिल्या होत्या, आणि पोरीचं वय बघून वत्सलाबाई मनात म्हणाल्या होत्या, हिला अजून सगळं माहीत नसेल. म्हणून आज सकाळी, कोर्टात येण्याआधी, त्या एकट्याच शहाद्याच्या सराफाकडे जाऊन आल्या होत्या. लेकीलाही सांगितलं नव्हतं.

"साहेब, एक सांगा," त्या खिडकीशी वाकून म्हणाल्या. "बिनपैसाना दावा कच्चा ऱ्हास का?"

पाडवींनी पहिल्यांदा वर पाहिलं. "माफीचा दावा आणि पैशाचा दावा एकाच रजिस्टरात जातात, बाई. एकाच शाईने." आणि त्यांनी शुल्काच्या रकान्यात 'महिला, माफ' असं लिहून पान उलटलं.

या स्टॅम्पने वत्सलाबाईंना सहा वर्षं घरी बसवलं होतं. वडील रतिलालआबा गेले त्यानंतरच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या माहेरी गेल्या, तेव्हा जेवताना त्यांनी भावाकडे विषय काढला होता. नदीकाठचं दोन एकर रमूचं, म्हणजे वत्सलाबाईंचं, असं आबा सगळ्यांसमोर म्हणायचे. हेमकांत चिडला नाही. आमरसाच्या वाटीत पोळी बुडवत म्हणाला, "दावा लाव ना मंग. जमिननी किंमतवर स्टॅम्प लागस. लाख-दोन लाख मव्हरे ठेव, मंग कोर्ट तुन्ही गोष्ट ऐकी." वर, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हेही ऐकवलं. ज्याच्या ताब्यात जमीन असते त्याच्याच तोंडी ही म्हण जास्त शोभते. पण तेव्हा वत्सलाबाईंना ती खरी वाटली, आणि त्यांनी उरलेली पोळी मुकाट्याने संपवली.

मग नवरा गेला. मग लेक मयूरी सासरहून परत आली, चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन, कायमची. पुरुषोत्तमनगरजवळच्या ज्या घरात त्या राहत होत्या ते दिरांच्या नावावर होतं. दीर भले होते, पण भलेपणा सातबाऱ्यावर चढत नाही. आपण डोळे मिटले की या पोरीला टेकायला चार हात जागा नाही, हे वत्सलाबाईंना रोज दिवा लावताना आठवायचं.

आणि परवा गजराबाईचा फोन आला. गजराबाई लहानपणची मैत्रीण, आता हेमकांतच्याच केळीत मजुरीला जाणारी. दबक्या आवाजात म्हणाली, "रमू, तो तुन्हं नदीवालं वावर इकी ऱ्हायना. तीन दिननंतर अकराले खरेदी शे." परवाचा तो फोन, म्हणजे खरेदी उद्या. आज दाव्याला नंबर पडून मनाईचा अर्ज साहेबांसमोर गेला, तरच ती थांबणार होती. एकदा घेणाऱ्याच्या नावावर झाली की मग नुसती तारखांची माळ ओढत बसायचं.

पाडवी कागद वाचत होते. वाचता वाचता त्यांची पेन्सिल थांबली.

"यात रतिलाल पाटलांची मुलगी म्हणून शाळेच्या दाखल्यावर नाव आहे रमिला. आधारवर वत्सलाबाई मगन पाटील. रमिला कोण?"

"मीच."

"लग्नात नाव बदललं त्यांचं," दीपमाला म्हणाल्या. "एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलंय, शेवटून तिसरं पान."

"ते त्यांचं स्वतःचं. मी म्हणतो मी अमुक, असं कोणीही म्हणेल. वारसनोंदीत मुलगी दाखवलेलीच नाही, एकटा मुलगा आहे. मग ही मुलगी कोणती, हे सांगणारं माहेरचं कोणी तरी पाहिजे. ओळख द्यायला. लग्नाचा दाखला आहे?"

अडतीस वर्षांपूर्वी मांडवात लागलेल्या लग्नाचा दाखला कोण काढतो? लग्नपत्रिका होती, ती दिवाळीच्या साफसफाईत केव्हा तरी गेली.

"माहेरचा माणूस येतोय," दीपमाला म्हणाल्या. "चारच्या बसने."

"आला की आणा. पाचनंतर माझ्या हातात काही नाही," पाडवी म्हणाले. आवाजात राग नव्हता. नियम जसा असतो तसा तो सांगितला होता, आणि म्हणून तो जास्त जड वाटला.

येणारा माणूस म्हणजे गजराबाई. मयूरी तिला आणायला बसस्टँडवर गेली होती.

पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्यात दोन बाकं समोरासमोर होती. एका बाकावर वत्सलाबाई बसल्या. एप्रिल संपत आला होता, वारा भट्टीपुढून आल्यासारखा येत होता. दीपमाला कोर्टाच्या दारापाशी उभ्या राहून अर्जाची पानं पुन्हा पुन्हा तपासत होत्या. त्यांचंही हे पहिलंच मोठं काम असावं, कारण त्या दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होत्या आणि ते वत्सलाबाईंच्या लक्षात येऊ नये म्हणून मनगट पाठीमागे नेत होत्या.

साडेतीनला जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. आधी वकील आले, मग हेमकांत. पांढरी टोपी, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात करकरणारी चप्पल. दोन महिन्यांपूर्वी जमिनीचा व्यवहार ठरला तेव्हाच त्याने कोर्टात कॅव्हेट टाकून ठेवलं होतं, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय कोणाला मनाईहुकूम देऊ नका, असा आधीच दिलेला अर्ज. त्यामुळे दाव्याची नक्कल काल संध्याकाळीच त्याला पोचवावी लागली होती. नाही तर त्याला कळलंही नसतं.

त्याच्या वकिलांनी खिडकीशी चौकशी केली आणि ते हसतमुखाने परत आले. हेमकांतच्या कानाशी वाकले. व्हरांडा अरुंद, त्यामुळे ते कान एकट्या हेमकांतचे राहिले नाहीत.

"ओळखीवर अडलंय. माहेरचा माणूस नाही त्यांच्याकडे. आपण फक्त गप्प बसायचं. कोणी काही विचारलं तर मी बोलेन. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

हेमकांतने मान हलवली आणि समोरच्या बाकावर बसला. वकील कोर्टाच्या खोलीत गेले.

बहीण-भाऊ समोरासमोर बसले होते, मध्ये चार फरश्या. आठच दिवसांपूर्वी आखाजी झाली होती, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच वत्सलाबाईंना माहेराहून बोलावणं आलं नव्हतं. का आलं नव्हतं ते आता कळत होतं. व्यवहाराचा माणूस घरी येत-जात असणार.

"जेवनी का?" हेमकांतने विचारलं. सवयीने विचारलं असावं.

"हां."

"भाग्येशले सुरतमा दुकान लेवानं शे," तो आपल्या मुलाबद्दल म्हणाला. "तठे एकदा दुकान गयं म्हंजे पुन्हा भेटस नही."

"मन्ही अंडेर मयूरी परत उनी. तुले ठाऊक शे."

"ठाऊक शे."

"मंग?"

हेमकांतने टोपी सारखी केली. वकिलांनी गप्प बसायला सांगितलं होतं, ते त्याला आता आठवलं असेल.

वत्सलाबाईंना त्याचा राग येत होता आणि त्याहून जास्त राग स्वतःचा येत होता, कारण त्याच्या शर्टाच्या कॉलरला आतून उसवलेला दोरा दिसत होता आणि तो ओढून काढावा असं त्यांच्या हातांना वाटत होतं. वहिनी गेल्यापासून त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी हात पदराखाली घेतले. पण घेताना ते दिसले असावेत.

"पाटल्या कोठे शेत?" हेमकांत म्हणाला.

वत्सलाबाईंनी पदर आणखी पुढे ओढला.

"आईन्या पाटल्या. कधी काढेल नही व्हत्यात तू. भाऊजी गयात तधयबी नही काढ्यात."

"इकी टाक्यात."

"कसाले?"

वत्सलाबाईंनी त्याच्याकडे सरळ पाहिलं. "स्टॅम्पसाठी. तूच सांगेल व्हतं ना, लाख-दोन लाख लागस. इकीसन पैसा लई उनू, तर साहेब म्हणस, बायास्ले लागतच नही."

हेमकांतची नजर त्यांच्या मनगटांवर गेली आणि तिथेच राहिली. अडतीस वर्षं ज्या जागी सोनं होतं तिथली कातडी फिकी, मऊ, एखाद्या लहान मुलीच्या हाताची असावी तशी होती. आईला त्या पाटल्या आबांनी केळीच्या पहिल्या बागेवर केल्या होत्या. त्या दिवशी हेमकांत नऊ वर्षांचा होता. तोच आबांबरोबर सराफाकडे गेला होता, आणि डबी घरापर्यंत हातात धरायचा हट्ट त्याचाच होता.

तो उठला, व्हरांड्याच्या टोकाला जाऊन माठातलं पाणी प्यायला, आणि परत येऊन त्याच जागी बसला. नंतर तो खाली फरशीकडे बघत राहिला.

सव्वाचारला मयूरी धापा टाकत जिना चढून आली. एकटीच.

"आई, गजरामावशी बसमा नही उनी. फोन लावला तर तिचा मुलगा बोलला. म्हणे ताप आलाय." तिने मामाकडे पाहिलं आणि मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "सकाळी ठणठणीत होती. दुपारी मुकादम घरी गेला, मग ताप आला."

हेमकांतने मान वर केली नाही.

दीपमाला वकील धावतच खिडकीकडे गेल्या. वत्सलाबाईंना त्यांचे शब्द ऐकू आले नाहीत, फक्त काळ्या कोटाची पाठ दिसत होती आणि एक हात वर-खाली होत होता. मयूरी शाळेच्या जुन्या गुरुजींच्या मुलाला फोन लावत होती. तो नाशिकला होता. मग चुलत भाऊ, मग माहेरचा पोलीस पाटील. चुलत भाऊ म्हणाला, आमचं काय, तुम्ही येता वर्षातून एकदा, आम्हाला हेमकांतदादाच्या बांधाला बांध लावून रोज राहायचं आहे. निदान खरं तरी बोलला. पोलीस पाटलाने फोन उचललाच नाही.

पावणेपाच झाले. दीपमाला परत आल्या. चेहरा उतरला होता, पण कागद हातात नव्हते.

"मावशी, पाडवी साहेबांनी एक केलं. त्रुटीची नोंद करून कागद साहेबांसमोर ठेवतायत. साहेब काय म्हणतील ते म्हणतील. कदाचित तुम्हाला आत बोलावतील. मी आत थांबते. तुम्ही इथून हलू नका. बाहेर पुकारा झाला की लगेच आत यायचं. तीनदा पुकारतात. तीनदा ओ आली नाही तर गैरहजर धरतात, आणि मग आज काही होत नाही. कळलं?"

"कळनं."

"मयूरी, तू खाली जा. तुझ्या आजोळच्या जुन्या रेशनकार्डाचा फोटो कोणी पाठवला तर त्याची झेरॉक्स करून आण. पळ."

मयूरी पळाली. दीपमाला आत गेल्या. दाराला हिरवा पडदा होता, तो हलून पुन्हा स्थिर झाला.

व्हरांड्यात आता दोघंच उरली.

वत्सलाबाईंनी डोळे मिटून घेतले. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, 'जेवनी का' याला 'हां' म्हटलं होतं ते खोटंच. लग्नानंतरचे पहिले दिवस त्यांना उगाच आठवले. सासूने तांदळाच्या ताटात अंगठीने 'वत्सला' लिहिलं होतं, आणि त्या दिवसापासून एक नियम घातला होता: जुन्या नावाला ओ द्यायची नाही. सासू मुद्दाम ओट्यावरून हाक मारायची, "रमिलाऽ". नवी नवरी चुकून "ओ" म्हणाली की साऱ्या बाया हसायच्या, आणि सासू दिवसभर तिला कोणत्याच नावाने हाक मारायची नाही. पंधरा दिवसांत त्या शिकल्या. पीठ मळत असू देत, पाणी भरत असू देत, 'रमिला' ऐकलं की हात थांबायचे नाहीत, मान वळायची नाही. सासू तेव्हा म्हणाली होती, आता खरी आमची झाली. सासू जाऊनही वीस वर्षं झाली होती.

पडदा बाजूला झाला. वाहरू शिपाई दारात आला, छातीवर लाल पट्टा, हातात कागद. त्याने डोळ्यांपासून लांब धरून पहिलंच नाव वाचलं, पुढचं 'ऊर्फ' वाचलं नाही.

"रमिला रतिलाल पाटीऽल, हाजिर होऽ!"

आवाज व्हरांड्यातून जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. वत्सलाबाईंच्या कानावर तो पडला. कुणाचा तरी नंबर आला, असं त्यांना वाटलं, आणि त्या पायाच्या अंगठ्याने फरशीची भेग चाचपत राहिल्या. आपलं नाव कधी येतं याकडे त्यांचे कान लागले होते.

समोर हेमकांतने मान वर केली.

वाहरूने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बाकावर एक बाई डोळे मिटून बसलेली, एक टोपीवाले बाबा. बाकी कोणी नाही. त्याने घसा खाकरला.

"रमिला रतिलाल पाटीऽल, हाजिर होऽ!"

हेमकांतने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. खालच्या झाडावर कावळा ओरडत होता. आत कुणी तरी कागद उलटल्याचा आवाज आला. काहीच करायचं नव्हतं. वकिलांनी सांगितलं होतं तसं नुसतं बसायचं होतं, अजून एवढा एकच श्वास. उद्या अकराला खरेदी होती, संध्याकाळी भाग्येशला पैसे जाणार होते. समोर ती बसली होती, दोन मोकळे हात मांडीवर पालथे टाकून, कुठे लक्ष नाही अशी. लहानपणी ती अशीच बसायची, बांधावर, आणि आई घरातून ओरडून दमायची. मग आई त्याला म्हणायची, जा रे, ती ऐकत नही, तू बलाव.

वाहरू परत आत जायला वळला, आणि तिसऱ्यांदा, जाता जाता, पुकारला.

"रमिला रतिलाल पाटीऽल!"

"रमू," हेमकांत म्हणाला. फार मोठ्याने नाही. "ऊठ. तुले बलावतस."

"ओ, भाऊ," वत्सलाबाई म्हणाल्या, आणि उठून उभ्या राहिल्या.

उभं राहिल्यावर त्यांना कळलं काय झालं ते. पडद्याचं टोक हातात धरून वाहरू थांबला होता. त्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग हेमकांतकडे, मग हातातल्या कागदाकडे. त्याने पडदा वर धरून त्यांना आत जाऊ दिलं.

आत पंखा कुरकुरत होता. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"रमिला आणि वत्सलाबाई एकच, असं म्हणणं आहे तुमचं. ओळख द्यायला कोण आहे?"

दीपमालांनी प्रतिज्ञापत्राच्या पानाकडे बोट दाखवलं. हेमकांतचे वकील हात मागे बांधून शांत उभे होते.

"साहेब," दारातून वाहरू म्हणाला, "मी तीनदा पुकारलं. बाई उठल्या नाहीत. बाहेर एक बाबा बसलेत, त्यांनी रमू म्हणून हाक मारली, तेव्हा उठल्या."

"कोण आहेत ते? बोलवा."

हेमकांत आत आला. टोपी अजून हातातच होती. त्याला पाहून त्याच्या वकिलांचे हात पाठीमागून सुटून पुढे आले.

"साहेब, हे माझे अशील आहेत, यांच्या वतीने मी—"

"त्यांना विचारतोय. तुम्ही या बाईंना ओळखता?"

हेमकांत उभा राहिला. वत्सलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं तर तो नाही म्हणेल अशी त्यांना भीती वाटत होती, आणि नाही पाहिलं तरी तीच भीती होती. अजूनही सगळं त्याच्या हातात होतं. गावची बाई आहे, तोंडओळख आहे, एवढं म्हटलं की पुरे.

"ओळखतो साहेब," तो म्हणाला. कोर्टात बोलायची भाषा त्याने जमवून घेतली होती. "माझी बहीण आहे. रमिला. सासरी वत्सला नाव पडलं."

"सख्खी?"

"सख्खी."

"आणि हे कॅव्हेट हेमकांत रतिलाल पाटील यांचं आहे. ते कोण?"

हेमकांतने टोपी या हातातून त्या हातात घेतली. जमवलेली भाषा सुटली.

"तेबी मीच शे साहेब."

कोपऱ्यात बसलेल्या पाडवींनी मान खाली घातली. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी कागदावर काही तरी लिहिलं आणि दाव्याला नंबर द्यायला सांगितलं. मग हेमकांतचे वकील दहा मिनिटं बोलले. जमीन ताब्यात कोणाची, पीक कोणाचं, सहा वर्षं बाई कुठे होती, असं सगळं. चांगलं बोलले. दीपमाला चार मिनिटं बोलल्या आणि त्यात दोनदा अडखळल्या. शेवटी साहेबांनी पुढची तारीख दिली, आणि तोपर्यंत जमीन जशी आहे तशी राहील, विकायची नाही, एवढं तोंडी सांगून लिहून घ्यायला लावलं.

ओळखीच्या कागदावर हेमकांतने पाडवींच्या टेबलाशी वाकून सही केली. 'नातं' अशी एक रेघ होती. तिथे त्याने 'भाऊ' लिहिलं. पेन परत देताना त्याचा हात वत्सलाबाईंच्या समोर आला. इतक्या जवळून त्यांनी तो खूप वर्षांत पाहिला नव्हता.

बाहेर व्हरांड्यात ऊन तिरपं झालं होतं. हेमकांतचे वकील जिना उतरून गेले. दीपमाला हुकमाच्या नकलेसाठी अर्ज लिहायला बसल्या. हेमकांत आणि वत्सलाबाई जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले.

"आईन्या पाटल्या कोना दुकानमा दिन्यात?"

"कसाले?"

"काही नही. इचारं."

त्यांनी दुकानाचं नाव सांगितलं. मग वत्सलाबाईंनी हात पुढे केला आणि त्याच्या कॉलरमधला तो उसवलेला दोरा ओढून काढला. हेमकांतने टोपी डोक्यावर घातली, नीट बसवली, आणि चेहरा पुन्हा कोर्टात येताना होता तसा केला.

"दावा मी लढसू," तो म्हणाला. "सोडाव नही. सांगी ठेवस."

"लढजो ना," वत्सलाबाई म्हणाल्या. "पन तुले स्टॅम्प लागी."